मोजून एक वाटी

आपल्याकडे आजाऱ्याच्या भेटीला हात हलवीत जायची रीत नाही. पूर्वी मंडळी मोसंबी आणीत, शहाळे आणीत, फारच जवळचे नाते असले तर मऊ भाताचा डबा आणीत. मोसंब्यांचा एक मोठा गुण असे. आजाऱ्याला ती नकोशी झाली, तर घरातली मुले ती सोलून खात आणि भेट कारणी लागे. आता मोसंब्यांची जागा बाटल्यांनी घेतली आहे. बाटलीचे तसे नाही. ती मुलांना देता येत नाही, फेकवत नाही, परत करता येत नाही. ती कपाटात उभी राहते आणि रोज सकाळी आपल्याकडे पाहत राहते.

२०२२ च्या जूनमध्ये माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अशा चौदा बाटल्या जमा झाल्या. ‘सी’ होते, ‘ई’ होते, सगळ्यांची मिसळ असलेले भरभक्कम मल्टिव्हिटॅमिन होते. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली बाटली तर एवढी मोठी, की तीत आमची महिन्याची मोहरी मावली असती. देणाऱ्या प्रत्येकाने एकच वाक्य उच्चारले : “घेऊन तर बघ, अपाय तर काही नाही!”

या वाक्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

आधी दुखण्याचा इतिहास सांगते. नऊ वर्षांची असताना माझा घसा सुजला आणि मागाहून सांधे धरणारा ताप आला. ताप गेला, सांधेही सुटले. पण जाताना त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवर आपली खूण ठेवली. हा संधिवाताचा ताप मोठा कावेबाज. तो कधी येऊन गेला हे घर विसरून जाते, आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी जिना चढताना दम लागू लागतो. माझे तसेच झाले. शाळेचा दुसरा मजला मला गिरनारसारखा वाटू लागला. एक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितले, की झडप आकसून पार कडक झाली आहे, बदलावी लागेल.

छातीचे हाड मधोमध कापतात, हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ हृदयाचे व फुफ्फुसांचे काम एक यंत्र करते. या यंत्राच्या साह्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका मुलीवर केली. मला भूल देण्यापूर्वी त्या अनोळखी मुलीची आठवण झाली. ती सगळ्यांच्या आधी त्या टेबलावर निजली होती. माझ्यापुढे निदान लाखो माणसे जाऊन आली होती.

माझी नवी झडप कार्बनच्या दोन अर्धगोल चकत्यांची आहे. ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते नि मिटते आणि दर वेळी बारीक आवाज करते. घरी आल्यावर पहिल्या रात्री आमच्या ह्यांनी उठून भिंतीवरचे घड्याळ काढले आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवले. तरीही टिकटिक चालूच! मग माझ्याकडे पाहून ते हळूच म्हणाले, “अगं, हे तूच आहेस.” आम्ही दोघे हसलो. म्हणजे ते हसले; मला हसायला उशी छातीशी घट्ट धरावी लागली. हाडाला तारेचे टाके असतात. ते जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर खोकायचे ते उशी कवटाळून, आणि भरला कुकर उचलायचा नाही. तीन रंगीत चेंडूंच्या नळीतून श्वास ओढायचा आणि रोज थोडे अधिक चालायचे. पहिल्या दिवशी मी दारापर्यंत गेले, आठवड्याने जिन्यापर्यंत, महिन्याने कोपऱ्यावरच्या दुधाच्या केंद्रापर्यंत. बरे होणे म्हणजे काय, ते हेच. त्यात चमत्कार नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बाटली मात्र डोळ्यांत भरते.

आता मी शाळेत शास्त्र शिकवते. सव्वीस वर्षे फळ्यावर एकच तक्ता लिहीत आले आहे : ‘ए’ नसले तर रातांधळेपणा, ‘बी’ नसले तर बेरीबेरी, ‘सी’ नसले तर स्कर्व्ही, ‘डी’ नसले तर मुडदूस. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक कादंबरी आहे. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने हिरड्या सडलेल्या बारा खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत आधी उभे राहिले. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरने पाहिले, की सडीक पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्याचा तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी या अज्ञात द्रव्यांना नाव दिले, आणि त्या नावाचे पुढे ‘व्हिटॅमिन’ झाले.

पण या साऱ्या गोष्टींचे तात्पर्य एकच आहे. जे कमी होते, ते दिले. आणि माणूस बरा झाला. भुकेल्याला भाकरी दिली की तो उभा राहतो. म्हणून जेवून उठलेल्याला आणखी चार भाकऱ्या भरवल्या, तर त्याची उंची काही वाढत नाही!

हे नुसते माझे तर्कट नाही. ब्रिटनमध्ये २०,५३६ माणसांवर एक मोठी पाहणी झाली आणि २००२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा धोका असलेली ही माणसे. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षे रोज ‘ई’, ‘सी’ आणि बीटा-कॅरोटीन दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा हृदयविकाराचे झटके, अर्धांगवायू, कर्करोग आणि मृत्यू, यांत दोन्ही गटांत फरक म्हणून सापडला नाही. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले, आणि १९९४ मध्ये आढळले, की त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलाच. ‘अपाय तर काही नाही’ हे वाक्य तिथेच एकदा खोटे ठरले होते.

याचा अर्थ सगळ्या गोळ्या टाकाऊ, असे मात्र मुळीच नव्हे. माझ्या डॉक्टरांनी रक्त तपासले. ‘डी’ कमी होते. शहरात, सावलीत, साडीत आणि घाईत दिवस काढणाऱ्या बायकांत ते सर्रास कमी असते. आठ आठवडे, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली. शाकाहारी घरात ‘बी-१२’ कमी असणेही नेहमीचे. तेही भरून काढले. रक्तातले लोह पाहिले. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून डाळ, दूध, उसळी वाढवायला सांगितले. आवळा आणि लिंबू घरात होतेच. झाले! चौदा बाटल्यांतली एकही उघडावी लागली नाही.

आता त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे येते. ‘ए’पासून ‘ई’पर्यंत मुले उत्साहाने लिहून घेतात, आणि मग एक एकटेच अक्षर येते : ‘के’, रक्त गोठण्यासाठी. मुले एव्हाना मधल्या सुट्टीच्या घंटेकडे कान लावून बसलेली असतात. त्या एका ओळीवर पुढे माझा जीव टांगलेला असणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य दिले, तेव्हा पिलांच्या कातडीखाली रक्तस्राव होऊ लागला. खाद्यात काहीतरी उणे आहे हे त्यांनी ताडले, आणि १९३५ मध्ये त्या द्रव्याला ‘के’ हे नाव दिले. कारण डॅनिश नि जर्मन भाषांत रक्त गोठण्याच्या शब्दाचे पहिले अक्षर ‘के’ आहे. १९४३ चे नोबेल पारितोषिक यात त्यांना विभागून मिळाले. याच सुमाराला अमेरिकेत उलटे कोडे सुटत होते. १९२० नंतर तिकडची गुरे क्षुल्लक जखमेने रक्त वाहून मरू लागली होती. बुरशी आलेला, सडका क्लोव्हरचा चारा हे त्याचे कारण निघाले. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांनी त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले, आणि त्याच जातीचे ‘वॉरफरिन’ १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५४ पासून ते माणसांना औषध म्हणून मिळू लागले, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. रोज संध्याकाळी मी घेते ती गोळी याच कुळातली!

कार्बनच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू पाहते. गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूकडे जाते. म्हणून रक्त जरा सैल ठेवायचे. यकृतात रक्त गोठवणारी द्रव्ये तयार होतात, त्यांना ‘के’ लागते. वापरलेले ‘के’ पुन्हा कामाला लावायची यकृताची जी सोय आहे, ती हे औषध अडवते. एका बाजूला गोळी, दुसऱ्या बाजूला ताटातले ‘के’. दोघांची रस्सीखेच चालू असते आणि दोरीची मधली गाठ कुठे आहे ते रक्ताच्या तपासणीत कळते. त्या तपासणीला आय.एन.आर. म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास. माझा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहायला हवा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. माझा आकडा २.८, ३.१, २.९ असा गुणी मुलासारखा चालला होता.

आणि जुलैच्या अखेरीस सांगलीहून वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय एकाहत्तर. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलणे थोडे आणि हात सतत कामात. आल्या त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली. “आता तू बस,” एवढेच म्हणाल्या. त्यांच्या हातच्या जेवणाने माझ्या तोंडाला चव आली. शस्त्रक्रियेनंतर मन उगाचच खचते. दुपारी कारण नसताना डोळे भरून येतात. अशा दुपारी वन्सं न बोलता ताकाचा पेला समोर ठेवीत. ताक किंचित हिरवट असे. कोथिंबीर वाटून घातली असेल, असेच कोणालाही वाटावे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आकडा आला १.६.

प्रयोगशाळेतल्या मुलाने दोनदा तपासला. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावले. आम्ही तिघेही गेलो. गोळी चुकली का? नाही, हे रोज खुणेची रेघ मारतात. दुसरे औषध? नाही. कसला काढा, चूर्ण, पूड? मी नाही म्हणाले. तेव्हा मागच्या खुर्चीवरून वन्संचा आवाज आला, “ताकात शेवग्याचा पाला घालत होते मी. सावलीत वाळवून घरीच केलेली भुकटी. दोन वेळा, दोन-दोन चमचे. अंगात रक्त भरावं म्हणून.”

डॉक्टर तरुण होते, पण शहाणे होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आजी, पाला चांगलाच आहे. दुसऱ्या कोणालाही द्या. पण हिरव्या पाल्यात ‘के’ ठासून भरलेले असते, आणि वाळवला की चमच्यात मूठभर पाला मावतो. आमची गोळी त्याच्यापुढे हरली.” माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही शास्त्र शिकवता ना? मग तुम्हाला सांगायला नको.” गोळीचे प्रमाण बदलले, आणि आकडा वर येईपर्यंत पोटाच्या कातडीत टोचायची इंजेक्शने सुरू झाली. त्या दिवसांत मी रात्री अंथरुणावर पडून झडपेची टिकटिक मोजीत असे. तिचा आवाज बोद तर होत नाही ना, हीच धास्ती. हात बधिर वाटला की बोटे हलवून पाहायची, मनातल्या मनात पाढे म्हणायचे. जीभ चालते आहे, म्हणजे अजून ठीक आहे.

पाचव्या दिवशी आकडा २.५ झाला. पण वन्सं जेवेनात. पिशवी भरून ठेवलेली दिसली. रात्री मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुला ठाऊक नाही. आमची धाकटी बहीण तुझ्याच दुखण्याने गेली. १९७८ साली. बावीस वर्षांची होती. मुंबईला न्या, म्हणाले होते. पैसा नव्हता, कोणी ओळखीचं नव्हतं. मी तिला नाचणीची पेज करून घालत होते. दुसरं काय होतं माझ्या हातात? आता तुला सगळं मिळालं, आणि मीच...”

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती. घरात त्या बहिणीचा फोटो आहे, तिची तिथी पाळली जाते; पण ती कशाने गेली, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या मनात भीती भरू नये म्हणून ह्यांनीही तोंड मिटून ठेवले होते. त्या क्षणी मला त्या चौदा बाटल्या निराळ्याच दिसू लागल्या. माणसे बाटली देतात तेव्हा औषध देत नसतात. ‘आम्हाला काहीतरी करू दे’ एवढीच त्यांची मागणी असते. ज्याला कापता येत नाही, शिवता येत नाही, तो बिचारा पेज करतो, नाहीतर बाटली आणतो. त्याला ‘नको’ म्हणून परत पाठवणे म्हणजे त्याच्या हातातले शेवटचे काम काढून घेणे होय.

म्हणून मी म्हणाले, “वन्सं, पिशवी सोडा. तुम्हाला एक काम आहे. डॉक्टर म्हणाले ते ऐकलंत ना? पालेभाजी बंद करायची नाही. बंद केली तर शरीरात ‘के’ची शिल्लकच राहत नाही, आणि मग जरा कुठे धक्का लागला की आकडा उड्या मारतो. भाजी खायची, पण रोजची रीत एकसारखी ठेवून. हा हिशेब मला जमायचा नाही. पोस्टातल्या माणसालाच जमेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी दुसरा कागद टांगलेला होता, पोस्टातल्या वळणदार अक्षरात आखलेला. आणि त्या कागदावरून मला एक नवीन गोष्ट कळली. आपले मराठी वर्ष म्हणजे ‘के’च्या भरतीओहोटीचे पंचांग आहे! उपासाला साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे ओहोटी. ऋषिपंचमीला ऋषीची भाजी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य, म्हणजे भरती. नवरात्रात नऊ दिवस पुन्हा ओहोटी. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला. आणि लग्नाच्या पंगतीत अळूचे फदफदे. शंभर ग्रॅम पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम ‘के’ असते, आणि अमेरिकेतली शिफारस बाईमाणसाला दिवसाला ९० ची आहे. म्हणजे एका सणाने रस्सीखेचीचा निकाल फिरू शकतो! वन्संनी यावर साधा तोडगा काढला. एक दिवसाआड पालेभाजी, मोजून एक वाटी. सण असो वा नसो, वाटी तीच. उपासाच्या दिवसांतही वाटी चुकायची नाही. “देवाला मी सांगते,” त्या म्हणाल्या. गौरीच्या नैवेद्याला त्या वर्षी त्यांनी नेहमीसारखी पातेलेभर भाजी केली. सगळ्यांना पळीने वाढली, मला वाटीने. सप्टेंबरच्या मध्याला आकडा ३.० आला, तेव्हा त्यांनी कागदावर तो लिहून खाली चक्क शिक्क्यासारखे गोल वर्तुळ काढले.

भाच्याच्या बाटलीवरचे बारीक अक्षर मी पुढे एकदा भिंगाने वाचले. त्या मिसळीतही ‘के’ होतेच, आणि दुसऱ्या बाटलीतले ‘ई’ मोठ्या मात्रेत घेतले तर वॉरफरिनवरच्या माणसाचा रक्तस्राव वाढवू शकते, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांना एवढेच सांगेन : गोळी असो, काढा असो, की घरच्या गच्चीवर वाळवलेली भुकटी असो, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून मगच तोंडात घाला. आणि जो आणून देतो, त्याला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवू नका. त्याला भाजी निवडायला बसवा, जिन्यापर्यंत सोबत चालायला सांगा, तपासणीची तारीख लक्षात ठेवायला सांगा. उपयोगी पडणारी कामे पुष्कळ असतात. ती बाटलीत मिळत नाहीत, इतकेच.

आता तीन वर्षे होऊन गेली. मी शाळेत परत गेले, दुसरा मजला पुन्हा दुसरा मजलाच झाला. फळ्यावर ‘के’ची ओळ लिहिली की मी वर्गाला क्षणभर गप्प बसायला सांगते. पहिल्या बाकावरच्या मुलांना टिकटिक ऐकू येते. मग घंटा झाली तरी कोणी उठत नाही.

वन्सं सांगलीला असतात. दर रविवारी त्यांचा फोन येतो, आणि भावाची चौकशी करण्याआधी त्या माझा आकडा विचारतात. गेल्या रविवारी २.९ होता.

“मग आज मेथी कर,” त्या म्हणाल्या, “मोजून.”